मामाचं बीकन

३ फेब्रुवारी

उद्या आम्ही स्कीवर डोंगरात नेणार ते पाहुणे आले. नागोयाचे निशिवाकी नवरा-बायको. ते दातांचे निवृत्त डॉक्टर, मोजकं बोलणारे. बाई बडबड्या आणि गोड. दोघांनी विजेवर तापणारे नवे हातमोजे आणलेत, एकाच रंगाचे. मामाने एक हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, "यात भात शिजतो का?" बाई इतक्या हसल्या की चहा सांडला.

जेवणाआधी मी माझं नेहमीचं पुराण लावलं. बीकन, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं यंत्र, छातीशी बांधायचं, कोटाच्या आत. त्याला दोनच कामं येतात. 'बोल'वर ठेवलं की ते मुकाट्याने हाका पाठवत राहतं, आपल्या कानाला काही ऐकू येत नाही. 'ऐक'वर ठेवलं की दुसऱ्यांच्या हाका पकडतं, पिक पिक करतं, अंतर दाखवतं, किती जण आहेत तेही दाखवतं. दोन्ही एकदम होत नाही. चालताना सगळ्यांनी 'बोल'वर. कुणी गाडलं गेलं तर उरलेल्यांनी 'ऐक'वर. एक माणूस सापडला की 'खूण' बटण दाबायचं, म्हणजे यंत्र त्याला बाजूला ठेवून पुढच्याकडे नेतं.

मामी लोणचं चिरत होती, तिथूनच म्हणाली, "एका वेळी एक तरी करतं ना? तुझ्या मामापेक्षा बरं. हा ना बोलतो, ना ऐकतो."

मामाचं स्वतःचं बीकन मी शाळेत होते तेव्हाचं आहे, बाजूला सरकणाऱ्या खटक्याचं. नवी यंत्रं माणसाची हालचाल थांबली की आपोआप 'बोल'वर येतात, असं मी त्याला शंभरदा सांगितलं. आजही सांगितलं. मामीकडे बोट करून म्हणाला, "मी हलायचा थांबलो तर किनुएला कळेल. त्याला यंत्र कशाला?"

रात्री सेत्सुबुन, राक्षस हाकलायचा सण, म्हणून भाजलेले सोयाबीन. मामाने राक्षसाचा मुखवटा लावला आणि मामीने अगदी नेम धरून मारले. दोन दिवस उत्तरेचा वारा होता, वरच्या उतारावर बर्फ साचलं असणार. मामा म्हणतो झाडीतूनच जाऊ, मोकळा उतार एकच ओलांडायचा. पुढे तोच, शेवटी मी. या हिवाळ्यापासून तू पुढे, असं शरदात म्हणाला होता खरं. सतरा हिवाळे मी त्याची पाठ बघते आहे.

७ फेब्रुवारी

पोलिसांना सांगून झालं, बचाव पथकाच्या ओगिसोकाकांना सांगून झालं. दरवेळी मधला एखादा तुकडा निसटतो. म्हणून लिहून ठेवते.

चौथ्या तारखेला सकाळी झाडीच्या तोंडाशी नेहमीची तपासणी झाली. मामा आपलं बीकन 'ऐक'वर करून वाटेत उभा राहिला, आम्ही तिघं एकेक करून त्याच्या पुढून गेलो, प्रत्येकाला पिक पिक झालं. "सगळे जिवंत आहात," म्हणाला. यंत्र कोटात टाकलं, टोपी कानांवर ओढली आणि चालू पडला. त्याच्यामागे बाई, मग डॉक्टर, मग मी. वारा समोरून होता.

मोकळ्या उताराशी मामाने सगळ्यांना झाडीत थांबवलं आणि एकटा पुढे गेला. तो पलीकडच्या धारेला लागतच होता. तिथून त्याने हात वर केला. थांबा म्हणून केला की या म्हणून, मला अजून कळत नाही. बाई निघाल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ डॉक्टरही. मी ओरडले. तेवढ्यात वरून जाड गोधडी झटकल्यासारखा आवाज आला आणि अख्खा उतार खाली गेला. तिघांनाही घेऊन गेला. झाडीत होते म्हणून मी तेवढी उरले.

बीकन 'ऐक'वर केलं आणि धावले. आधी काही नाही. मग खालच्या मोठ्या भूर्जाच्या झाडाकडे जाताना पडद्यावर दोन. मग तीन. तीनचा आकडा मी या डोळ्यांनी पाहिला. क्षणभर दिसला, मग परत दोन. जवळची हाक बाईंची निघाली. बर्फात टोचायची लांब सळई खुपसली, लागली, खूण दाबली, खणलं. तोंडातलं बर्फ काढल्यावर बाई खोकल्या. त्यांचं बीकन बंद केलं, म्हणजे ते मध्ये बोलणार नाही. दुसरी हाक डॉक्टरांची, माझ्या उंचीहून खोल. एकटीने खणता खणता हात उचलेनासे झाले. ते निघाले तेव्हा श्वास नव्हता. छाती दाबत राहिले, काही झालं नाही. त्यांचंही बीकन बंद केलं.

मग मामा. पडदा कोरा. बंद करून पुन्हा चालू केलं, खूण पुसली, वर-खाली पळाले. कोरा. हेलिकॉप्टरमधून पथक आलं, त्यांच्याही यंत्रांना काही नाही.

त्याचा अर्थ मला एकच लागतो. मामा त्या दोघांच्या जवळच होता. त्याची हाक बाईंच्या हाकेत मिसळली आणि मी खूण दाबताना दोघांनाही एकदम पुसलं. मी खणत होते तेवढ्या वेळात ते जुनाट यंत्र बर्फाच्या दाबाने बंद पडलं. मी मामाला बटणाने पुसलं. याहून वेगळं लिहिता येत नाही.

९ फेब्रुवारी

भूर्जाखाली सळयांची रांग. खांद्याला खांदा, एक पाऊल, टोचा, एक पाऊल, टोचा. दगड लागला, फांदी लागली, डॉक्टरांचा चष्मा मिळाला.

ओगिसोकाका मामाचे लहानपणचे मित्र. धंद्याने सुतार, त्यामुळे सगळं दोनदा मोजतात. आज पुन्हा विचारलं, "पोरी, नक्की तीन?"

"नक्की तीन."

"बरं. मग इथेच."

मामी पहाटे उठून पथकासाठी भाताचे गोळे करते आणि स्वतः घेऊन येते. प्रत्येकापुढे कमरेत वाकून म्हणते, "आमच्या माणसापायी तुम्हाला त्रास." एकाने लाजून नको म्हटलं तर म्हणाली, "खा रे. उपाशीपोटी टोचलंस तर माझ्या नवऱ्याला गुदगुल्या होतील." सगळे हसले आणि मग कुणाला कुणाकडे बघवेना.

११ फेब्रुवारी

बर्फ पडतंय, शोध बंद. मागच्या मुळ्याच्या वाफ्यात दोन बीकनं पुरली आणि सकाळपासून तेच करत बसले. हातभर अंतरावर, वीतभर अंतरावर, एकावर एक. खूण दाबायची, दोन्ही पुसली जातात का बघायचं. एकदा तसं झालं. म्हणजे होऊ शकतं. मला बरं वाटलं की वाईट, सांगता येत नाही.

मग एक विचित्र प्रकार. डॉक्टरांचे हातमोजे अजून आमच्याकडे आहेत. थंडी होती म्हणून चालू करून घातले, तर पडद्यावर क्षणभर तीन आलं. पुरलेली दोनच, आणि आकडा तीन. मोजे काढून पुन्हा बघायला हवं होतं, पण मला यंत्राचा इतका राग आला की ते बर्फात फेकून दिलं. वेड लागायची वेळ आलीय, मला आणि त्यालाही. पण त्या दिवशीचा आकडा खरा होता. गाडले गेले होते तिघं, आणि दिसले तीन. यात चुकायला जागा कुठे आहे?

ओगिसोकाकांना हे सांगणार नाही. उगाच डोक्यात शंका घेऊन टोचतील.

१३ फेब्रुवारी

मामीबरोबर इस्पितळात गेले, बाईंची माफी मागायला. मामीने काळा किमोनो घातला होता, हातात मिठाईचा डबा. खाटेपाशी पोचल्यावर जमिनीला कपाळ टेकलं. बाई एका हाताने तिला उठवायला धडपडत होत्या, दुसरा गळ्यात बांधलेला. दोघी एकमेकींची माफी मागत राहिल्या. मी भिंतीशी उभी. माझी माफी कुणाला नकोच होती.

बाई म्हणाल्या, "तुमचे यजमान फार काळजी घेणारे. चढताना त्यांच्या छातीतून ती पिक पिक सारखी ऐकू येत होती. मी अगदी मागेच होते ना. यांना म्हटलं, ऐका, पिल्लू घेऊन चाललेत जसं काही. वाटलं, आपल्यावर लक्ष आहे त्यांचं. विचारणार होते हे काय म्हणून, पण एवढ्या जाणत्या माणसाला असं काय विचारायचं?" मग डॉक्टरांची आठवण होऊन रडू लागल्या.

परतताना बसमध्ये मामी म्हणाली, "तोमोए, 'बोल'वर असलं की ते आवाज करतं का?"

"नाही. हूं का चूं नाही."

"मग बाईंनी काय ऐकलं?"

"औषधाची गुंगी आहे त्यांना, मामी. तपासणीच्या वेळचा आवाज डोक्यात राहिला असेल."

मामी खिडकीबाहेर बघत बसली. मला तिची फार दया आली. ती अशा काडीकाडीला धरून तरंगते आहे.

१५ फेब्रुवारी

आज सभा झाली. शोध परवाचा दिवस, मग बंद. माणसांना आपापले धंदे आहेत, आणि वरचा उतार पुन्हा भरतोय. उरलेला शोध बर्फ वितळल्यावर, मे महिन्यात.

मे महिन्यात अस्वलं हिवाळी झोपेतून उठतात, भुकेली. सभेत हे कुणी बोललं नाही आणि प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

मामीने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. घरी आल्यावर मामाची वाटी नेहमीच्या जागी मांडली आणि मला विचारलं, "मेपर्यंत मी याचं पान वाढत राहू का उचलून ठेवू? तू सांग." मी संडासात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडले.

१६ फेब्रुवारी

हे नीट लिहिलं पाहिजे.

सकाळी मामी तांदूळ धूत होती. एकदम हात पुसले आणि म्हणाली, "तपासणी कशी करतात, दाखव."

"आत्ता? कशाला?"

"दाखव म्हणते ना."

मी दोन बीकनं आणली. तिचं 'ऐक'वर करून दिलं, माझं 'बोल'वर ठेवलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, थेट मामासारखी पाय फाकवून. मी तिच्या पुढून गेले. पिक पिक. "सगळे जिवंत आहात," ती म्हणाली, बीकन एप्रनच्या खिशात टाकलं आणि नळाकडे जाऊन पुन्हा तांदूळ धुवायला लागली.

खिशातून आवाज येतच होता. पिक, पिक, पिक.

"मामी, संपली की तपासणी. आता ते 'बोल'वर करायचं."

"मला कोण सांगणार?"

"शेवटचा माणूस. तो पुढे चालणाऱ्याचं तपासतो, मगच..."

आणि मी थांबले. शेवटचा माणूस म्हणजे मी. सतरा हिवाळ्यांत मी मामाला 'तुझं दाखव' असं एकदाही म्हटलेलं नाही. ज्याने स्कीवर उभं राहायला शिकवलं त्याला असं म्हणायचं म्हणजे कान धुतलेस का विचारण्यासारखं. पुस्तकात तो नियम आहे. मी स्वतः तो नवीन लोकांना शिकवते. बाईंनी आवाज ऐकला आणि मोठ्या माणसाला कसं विचारायचं म्हणून गप्प बसल्या. मी तर ऐकायलाच गेले नाही.

मामाची हाक मी पुसलीच नव्हती. ती कधी निघालीच नाही. तिसरा आकडा त्या विजेच्या हातमोज्यांनी उठवलेला, खोटा होता. डॉक्टर ते घालूनच गाडले गेले होते. मामा भूर्जाखाली असल्याचा दुसरा काहीही पुरावा नाही. माझ्या एका शब्दावर वीस माणसं इतके दिवस चुकीच्या जागी टोचत आहेत.

मामीने नळ बंद केला.

"इस्पितळापासून मनात होतं," ती म्हणाली. "पण मला यंत्रातलं काय कळतं? म्हटलं, तुझ्याकडूनच निघू दे."

"हे सांगितलं तर सगळे म्हणतील त्याचीच चूक. पोलिसांच्या कागदावर येईल. चाळीस वर्षांचं नाव आहे त्याचं."

"नाव घेऊन काय करू? नावाला आंघोळ घालू? मला माणूस घरी पाहिजे. जा, सांग."

१७ फेब्रुवारी

निघायच्या आधी पथकापुढे सांगितलं. आकडा, मोजे, तपासणी, माझं न विचारणं. वाक्यं तुटत होती, पण सगळं सांगितलं.

ओगिसोकाका इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. "शिगेहिरो असं विसरेल? मेलेला माणूस उत्तर देत नाही म्हणून त्याच्या अंगावर ढकलतेस?"

"निम्मं त्याच्या, निम्मं माझ्या."

"आज शेवटचा दिवस आहे. तुझं ऐकून भूर्जापाशी टोचलं. आता तुझंच ऐकून ते सोडायचं? आणि तिथेच असला तर?"

तेवढ्यात मागून मामी पुढे आली, वाकली आणि म्हणाली, "ओगिसो, तूही त्याच्याबरोबर हजारदा गेलास. तू कधी त्याचं तपासलंस?"

काकांनी वाकून बुटाचा पट्टा आवळला. मग उठून मला म्हणाले, "शेवटचा दिसला ती जागा दाखव."

धारेच्या अलीकडे मी हाताने दाखवलं. तिथून सुटलेलं बर्फ दोन वाटांनी जातं; थोडं भूर्जाकडे, बाकीचं पलीकडच्या अरुंद घळीत. बीकन घेऊन आम्ही त्या घळीवरून कितीदा चाललो होतो. यंत्र गप्प म्हणून जागा रिकामी, असं धरून. सळई तिथे कुणी एकदाही घातली नव्हती.

दुपार कलल्यावर काकांची सळई अडली. त्यांनी ती काढली नाही, हललेही नाहीत. नुसतं म्हणाले, "मऊ आहे."

१९ फेब्रुवारी

मामा घरी आहे. मामीने त्याला पुसलं, केस विंचरले. रीतीप्रमाणे डोकं उत्तरेला करून मधल्या खोलीत झोपवलंय. गाव येऊन जातंय. त्याच्या चुकीबद्दल कुणी बोलत नाही, माझ्याशीही फारसं कुणी बोलत नाही. पोलिस पुन्हा येणार आहेत. येऊ देत.

बीकन छातीशीच होतं, बॅटरी संपलेली. खटका 'ऐक'वर.

त्याच्या तोंडापुढे बर्फ वितळून पुन्हा गोठलेलं होतं, वाटीएवढं, आतून गुळगुळीत. असं श्वासाने होतं. तपासायला आलेले गावचे डॉक्टर म्हणाले, लगेच गेलेले नाहीत. अर्धा तास म्हणा, जास्तही असेल. शुद्ध होती का, ते सांगता येत नाही.

आज दुपारी माणसं पांगल्यावर मामी माझ्याशेजारी येऊन बसली. मामाची टोपी तिच्या मांडीवर होती.

"चालताना टोपी आणि वारा, म्हणून त्याला ऐकू आलं नसेल," ती म्हणाली. "पण खाली तर सगळं शांत."

"हो."

"ते भूर्ज त्या घळीपासून किती लांब?"

"फार नाही. यंत्राच्या टप्प्यात आहे."

"म्हणजे त्याला ते दोघं ऐकू येत असणार. बाई आणि डॉक्टर."

मी इतका वेळ हा विचार मनात येऊ दिला नव्हता. तिने तो सरळ समोर मांडला.

"आधी दोन आवाज," मी म्हणाले. "मग मी बाईंचं बंद केल्यावर एक. मग डॉक्टरांचं बंद केल्यावर काहीच नाही."

"म्हणजे त्याला कळलं. तू एकेकाला काढते आहेस हे कळलं." मामीच्या चेहऱ्यावर त्या दिवसानंतर पहिल्यांदा काहीतरी सैल झालं. "दोघं निघाले, पाहुणे सुखरूप, असं समजून गेला असेल. भाचीने काम चोख केलं म्हणाला असेल. तोंडावर कधी म्हणाला नसता." ती टोपी कुरवाळत थोडं रडली, मग उठून आलेल्यांसाठी चहा टाकायला गेली.

तिला एवढंच पुरेल. पुढचं मी सांगितलं नाही आणि कधी सांगणार नाही. इथे लिहिते.

चौथ्या तारखेला पथकाने वरून पुन्हा सुटेल म्हणून सगळ्यांना खाली जायला सांगितलं. शोध थांबवला की बीकन परत 'बोल'वर करायचं, हा मामाचाच नियम. मी तो पाळला. म्हणजे बराच वेळ काही नाही, आणि मग त्याच्या छातीशी पुन्हा पिक पिक सुरू झालं असणार, आणि या वेळी ते जवळ येत होतं, कारण खाली उतरायची सुरक्षित वाट त्या घळीच्या काठानेच होती. मी त्याच्या डोक्यावरून गेले. आणि मग लांब लांब होत गावापर्यंत उतरून आले.